मोटारीला फोन जोडण्यापूर्वी



रात्री दारे धरायला जाणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या राज्यात शेतीपंपांना वर्षानुवर्षे दिवसा ८ तास, नाही तर रात्री १० तास, अशी पाळीने वीज मिळत आली. सौर प्रकल्पांमुळे काही गावांना आता दिवसाची वीज मिळू लागली आहे. तरी बॅटरी आणि काठी घेऊन रात्री बांधावरून जाणारा माणूस अजून दिसतोच. साप-विंचू, काही भागांत बिबट्या, आणि ओल्या हाताने स्टार्टरला हात घालणे! जाणारा जातो, पण घरातही कोणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

यावर फोनवरून चालणारा स्टार्टर हा चांगला उपाय आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या अशाच यंत्राला २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. आता अशा पेट्या अनेक कंपन्या बनवतात. पेटीत सिमकार्ड असते. घरून फोन लावला की मोटार सुरू होते किंवा बंद होते. काही पेट्या तर वीज आल्या-गेल्याचे स्वतःच फोन करून मराठीत सांगतात. आमच्या शिवारात या पेट्या बसून काही वर्षे झाली. त्यातून जे शिकायला मिळाले, ते तुमच्यापुढे ठेवीत आहे.

डीपी सर्वांची

पहिली गोष्ट ऑटोची. वीज येताच मोटार आपोआप सुरू व्हावी, असे सर्वांनाच वाटते. पण हिशेब करून पाहा. ५ अश्वशक्तीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. सुरू होताना मात्र क्षणभर त्याच्या सुमारे सहापट ओढते. आमच्या डीपीवर अशा १६ मोटारी आहेत. त्या चालू असताना १२० अँपिअर होतात, आणि १०० केव्हीएच्या रोहित्राची ताकद १३३ अँपिअरच्या आसपास असते. म्हणजे काम भागते. पण सोळाही मोटारी एकदम उठल्या तर ओढ जाते ७२० अँपिअरवर! वीज आली की फ्यूज उडायचा. ऐन उन्हाळ्यात एकदा रोहित्रच जळाले, आणि ज्यांनी ऑटो बसवलाच नव्हता त्यांचाही ऊस वाळला. महावितरण ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे वारंवार सांगते ते यासाठीच.

मग आम्ही सर्व जण एकत्र बसलो. साधे ऑटोस्विच काढून टाकायचे ठरले. नव्या पेट्यांत वीज आल्यावर किती वेळाने मोटार उठावी, हे ठरवता येते. चिठ्ठ्या टाकून क्रम लावला आणि दोन मोटारींत अर्ध्या मिनिटाचे अंतर ठेवले. शेवटच्या शेतकऱ्याची मोटार ८ मिनिटे उशिरा सुरू होते, पण सुरू होते. तुमच्या डीपीवरही पेटी घेण्याआधी हे बोलणे करा. कॅपॅसिटरही लावून घ्या. ३ अश्वशक्तीला १, ५ ला २ आणि साडेसातला ३ केव्हीएआर असे त्याचे माप आहे. त्याने तारांवरचा भार हलका होतो आणि दाब सुधारतो.

बसवताना

एक फेज गेला तरी मोटार गुरगुरत चालू राहते आणि वाइंडिंग जळते. तेव्हा फेज जाताच मोटार बंद करणारी सोय पेटीत आहे ना, हे वायरमनसमोर एक फेज काढायला लावून पाहा. विहीर आटल्यावर मोटार कोरडी फिरते आणि तिचा अँपिअर उतरतो. त्यावरून पेटीला ते कळते. म्हणून हा आकडा पाणी भरपूर असतानाच बसवून घ्या.

सिमकार्ड घेताना पेटी टू-जीची की फोर-जीची, हे विचारा. टू-जीच्या पेटीत काही कंपन्यांची कार्डे चालत नाहीत. लोखंडी पेटी असेल तर अँटेना बाहेर काढा. फक्त घरच्याच नंबरांना पेटीने दाद द्यावी, असे करून घ्या. आणि अर्थिंग टाळू नका. अडीच मीटरचा गॅल्वनाइज्ड पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात अधूनमधून त्यात पाणी.

विहिरीत उतरण्यापूर्वी

भगिनींनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. पूर्वी मोटार सुरू करायला विहिरीवर जावे लागे, म्हणून विहिरीत कोणी उतरलेले असले तर ते दिसे. आता बटण घरात आहे. फुटबॉल काढायला माणूस आत, आणि घरून कोणी सहज फोन लावला, तर? फोनवर सांगून ठेवले आहे, एवढ्यावर विसंबू नये. मेन स्विच पाडायचा, तिन्ही किटकॅट काढायचे आणि ते आत उतरणाऱ्याने आपल्याच खिशात ठेवायचे. आमच्याकडे हा नियम लहान पोरालाही ठाऊक आहे.

महिन्याची निगा

अमावस्येला आपण औत धरत नाही. तो दिवस पेटीसाठी ठेवावा. मेन स्विच पाडून, किटकॅट काढून पेटी उघडावी. पाली, मुंग्या, गांधीलमाशीचे घर असेल तर साफ करावे, वायरीची भोके एम-सीलने बुजवावीत. सैल झालेले स्क्रू आवळावेत, कारण सैल जोड तापतो आणि जळतो. पेटीच्या कार्डाची मुदत पाहावी. ती संपली तर मोटार सुरू होणार नाहीच, पण चालू असलेली बंदही करता येणार नाही.

आणि आठवड्यातून एकदा तरी दिवसा शेतात चक्कर मारावी. फुटलेली पाइपलाइन आणि वाकुरीबाहेर वाहणारे पाणी फोनवर दिसत नाही. रात्रभर फुकट गेलेले पाणी विहिरीतून जाते, आणि जमीनही चोपण करून ठेवते. पेटीने तुमची रात्रीची झोप परत दिली, तर त्यातला एक तास दिवसा तिच्यासाठी द्या.