डहाळीतील सुगंध आणि ताळेबंद

फळझाडाचे मोल आपण साधारणतः त्याच्या फळांवरून ठरवितो. छाटलेल्या फांद्या बांधावर सुकतात आणि अखेरीस चुलीत जातात. मध्यंतरी आमच्या शाखेत आलेल्या एका संत्रा बागायतदार ग्राहकांनी मात्र वेगळाच प्रश्न केला, "साहेब, या छाटणीतून म्हणे अत्तराचे तेल निघते. यंत्रासाठी कर्ज मिळेल का?" वाणिज्य शाखेच्या पदवीधराचे सुगंधाचे ज्ञान ते किती असणार! म्हणून उत्तर देण्यापूर्वी थोडा अभ्यास केला. तोच वाचकांपुढे ठेवीत आहे.

सुगंधाच्या व्यापारात ज्या फळझाडाची डहाळी मोलाची ठरली, ते झाड म्हणजे कडू संत्रे. त्याचे फळ तसेच खाण्याजोगे नसते. त्याचा मुरंबा मात्र उत्तम होतो. निसर्गाने ही उणीव अन्यत्र भरून काढली आहे. एकाच झाडापासून तीन निरनिराळी सुगंधी तेले मिळतात. सालीतून एक, फुलांतून 'नेरोली' आणि पाने व कोवळ्या डहाळ्यांतून 'पेटिटग्रेन'. या फ्रेंच नावाचा अर्थ 'लहान दाणे' असा आहे. पूर्वी हे तेल दाण्याएवढ्या कच्च्या फळांपासून काढीत, त्यावरून हे नाव पडले.

तेल काढण्याची रीत सोपी आहे. ताजा पाला व डहाळ्या बंद पात्रात भरून त्यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर सुगंधी द्रव्ये बाहेर पडतात. वाफ थंड केली की पाण्यावर तेलाचा थर तरंगतो. कन्नौजच्या 'देग-भपक्या'चे तत्त्वही हेच. तेथे मात्र वाफ परंपरेने चंदनाच्या तेलात मुरवितात. एक किलो नेरोलीसाठी सुमारे एक टन फुले लागतात. डहाळीचे तेल त्यामानाने पुष्कळ स्वस्त पडते. त्याचा गंध हिरवा, किंचित कडवट आणि लाकडाची छटा असलेला असतो. म्हणूनच कोलोन वॉटरच्या प्रकारांत त्याला मानाचे स्थान आहे.

दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे हा देश या तेलासाठी प्रसिद्ध आहे. स्पॅनिश वसाहतीच्या काळात तेथे आलेले हे झाड रानोमाळ पसरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बालान्सा या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तेथे तेल काढण्यास प्रारंभ केला. छाटलेल्या झाडाला पुन्हा पालवी फुटते. त्यामुळे लहान शेतकऱ्यांच्या हाती झाड न तोडता रोकड येते. परंतु या तेलातील प्रमुख घटक, लिनालिल ॲसिटेट व लिनालूल, कारखान्यातही तयार होतात. स्वस्त कृत्रिम मालाशी स्पर्धा आणि भेसळीची शंका यांचा भार शेवटी उत्पादकावरच पडतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपले नागपुरी संत्रे हे कडू संत्रे नव्हे. त्याच्या वर्गातील मँडरिन संत्र्याच्या पानांचे तेल वेगळ्या घटकांचे असते. त्याचा खरेदीदारही वेगळा. फळासाठी फवारलेल्या कीटकनाशकांचा अंश पानांतून तेलात उतरू शकतो. शिवाय छाटणी ठराविक हंगामातच होते. उरलेले महिने यंत्र बंद राहिले, तरी व्याज चालूच राहते!

परिव्यय लेखाशास्त्रात उपउत्पादनाचा एक साधा नियम आहे. त्याच्या विक्रीतून प्रक्रियेचा खर्च वजा जाता काही उरत असेल, तरच त्याला उत्पन्न म्हणावे. म्हणून आम्ही त्या ग्राहकांना सुचविले, की आधी थोड्या पाल्याचे तेल काढून नमुना तपासून घ्यावा. कन्नौजचे सुगंध व स्वाद विकास केंद्र किंवा लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था अशा ठिकाणी मार्गदर्शन घ्यावे. खरेदीदाराचे लेखी पत्र मिळवावे. जमल्यास शेजारच्या बागायतदारांनी मिळून एकच यंत्र घ्यावे आणि मगच प्रकल्प अहवाल आणावा.

ते थोडे हिरमुसले, पण जाताना म्हणाले, "म्हणजे नाही म्हणालात असे नाही." खरेच, आम्ही नाही म्हटले नव्हते. डहाळीत सुगंध आहे, यात शंका नाही; तो ताळेबंदात उतरतो का, एवढेच कर्ज घेण्यापूर्वी पाहावयाचे असते.