घास उतरल्यावरच

आधी चहा दाट करायचा. नागोयाजवळच्या एका वृद्धनिवासात इंडोनेशियाहून आलेली तरुणी कपात दाटपणा आणणारी पूड घालते, ढवळते आणि चहा दाट होईपर्यंत थांबते. पातळ चहा श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियाची भीती असते. समोरच्या आजींची डावी बाजू लकव्याने गेलेली, म्हणून ती उजवीकडे बसते. उभ्याने भरवलं तर आजी मान वर करतात आणि ठसका लागतो. हनुवटी खाली, चमचा खालून ओठांशी, मग नजर गळ्यावर. घास उतरलेला दिसला की पुढचा चमचा. मागे आणखी चौघं जेवायची थांबलेली, तरी तिचा हात घाई करत नाही.

मग टॅबलेटवर जपानीत नोंद: भात दहापैकी सात भाग, भाजी पाच, चहा 150 मिली, एकदा ठसका. रात्रपाळीवाले या नोंदीच्या भरवशावर काम करतात.

एप्रिल 2019 पासून जपान ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसावर अशी माणसं बोलावतो आहे. 2024 मध्ये, पुढच्या पाच वर्षांसाठी, वृद्धसेवेची मर्यादा 1,35,000 माणसांची ठरवली होती. पण या व्हिसावर साधारणपणे एकूण पाच वर्षंच राहता येतं, नवरा-मुलांना आणता येत नाही. कायम राहायचा मार्ग राष्ट्रीय परीक्षेतून जातो: जानेवारीत, वर्षातून एकदा, 125 प्रश्न, सगळे जपानीत. त्याआधी तीन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे संधी दोन-तीनच.

मला ही पाच वर्षांची अट पटत नाही. मागे मुदत संपून एक सेविका गेली, तेव्हा नव्या हाताने भरवलेलं या आजी बरेच दिवस घेईनात, वजन उतरलं, असं निवासाच्या प्रमुखबाई सांगत होत्या. ओळख जमायला वेळ लागतो, आणि जमली की नियम माणसाला परत पाठवतो. निदान परीक्षेचा अभ्यास तरी पगारी वेळेत व्हावा. या निवासात आठवड्याला दोन तास मिळतात, ते प्रमुखबाईंच्या मनात आलं म्हणून. ते नियमातच असायला हवेत. रात्रपाळी करून आलेल्या मुलीने आजारांची नावं आणि कायद्याची कलमं झोप मोडून पाठ करावीत, ही अपेक्षाच चुकीची आहे.

येत्या जानेवारीत ती पहिल्यांदा परीक्षेला बसेल. पास झाली तर सुराबायाहून नवरा आणि मुलगी येऊ शकतील. निकाल मार्चमध्ये लागतो, शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. मुलीला पहिलीत घालायचं तर कुठले कागद आधी तयार ठेवायचे, याची चौकशी तिने आत्ताच सुरू केली आहे.