विमानाची वार्षिक तपासणी: खर्च नेमका कशाचा?

खासगी छोट्या विमानाच्या वार्षिक तपासणीचा खर्च म्हणजे ठरलेली फी, असा समज आहे. तपासणीची मजुरी बहुधा आधी सांगता येते. बिल वाढतं ते सापडलेल्या दोषांनी. वडीगोद्रीसारख्या गावात विहिरीतली मोटार वर काढायचे पैसे आधी ठरतात, पण रिवाइंडिंग लागणार का, हे ती उघडल्यावरच कळतं, तसंच हे. सेस्ना १७२सारख्या विमानात पॅनेल उघडून गंज पाहतात, सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाब धरण्याची क्षमता) मोजतात.

विमान कमी उडवलं की खर्च वाचतो, हेही खरं नाही. उभ्या इंजिनात ओलावा साचून कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) गंजू शकतो. शिवाय, विमान उडो न उडो, भारतात उड्डाणयोग्यतेच्या परीक्षणाचं प्रमाणपत्र वर्षभराचंच असतं, आणि त्यासाठी देखभालीच्या नोंदीही तपासतात. जुनं विमान घेणाऱ्याला मी आधी लॉगबुकं (या नोंदींच्या वह्या) मागवायला सांगेन, किंमत नंतर.