विश्लेषण : गहू बुटका झाला, मग रब्बी ज्वारी उंचच का?

गव्हाचे उत्पादन वाढवण्यासाठी शास्त्रज्ञांनी झाड बुटके केले. मग रब्बी ज्वारीत हाच उपाय का चालत नाही? उत्तर दडले आहे झाडाचा कोणता गुण निवडायचा, या प्रश्नात.

गव्हात काय घडले?
जपानच्या ‘नोरिन १०’ या वाणातील बुटकेपणा नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोतील गव्हात आणला. १९६० च्या दशकात हे वाण भारतात आले. काडी आखूड असल्याने खत-पाणी देऊनही पीक लोळत नाही आणि काडीत जाणारे अन्न दाण्याकडे वळते.

रब्बी ज्वारी वेगळी कशी?
कोरडवाहू रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. नेमकी दाणे भरताना ओल कमी पडते. शिवाय जनावरांसाठी कडबा हवाच. ताट बुटके केले की तो घटतो. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ दाणा आणि कडबा दोन्ही देते, म्हणूनच ती टिकून आहे.

थेट जास्त उत्पादनाचे झाडच का निवडत नाहीत?
एकाच वाणाचे उत्पादन जमिनीनुसार आणि पावसानुसार बदलते. जास्त दाणे वाणामुळे आले की ओलीमुळे, हे ओळखणे कठीण. फुलोऱ्याचा काळ किंवा झाडाची उंची यांसारखे गुण मात्र पुढच्या पिढीत अधिक भरवशाने उतरतात.

‘स्टे-ग्रीन’ म्हणजे काय?
दाणे भरेपर्यंत पाने हिरवी राहण्याचा गुण. इथिओपियातील ज्वारीपासून आलेला ‘बी-३५’ हा त्याचा प्रमुख स्रोत. अशा झाडांना फुटवे कमी येतात, वरची पाने लहान राहतात. त्यामुळे वाचलेली ओल फुलोऱ्यानंतर कामी येते. ताट लोळणे आणि खडखड्या रोगही कमी होतो. हैदराबादच्या ‘इक्रिसॅट’ने हा गुण भारतात पिकणाऱ्या वाणांत आणण्याचे काम केले आहे. मात्र पाणी मुबलक असेल, तर कमी फुटव्यांमुळे उत्पादन मागेही पडू शकते.

शेतकऱ्यांनी काय पाहावे?
फक्त क्विंटलचा आकडा नको. वाण कोणत्या जमिनीसाठी निवडले आहे, हे आधी विचारा. राहुरी कृषी विद्यापीठाच्या वाणांपैकी ‘फुले अनुराधा’ हलक्या, ‘फुले सुचित्रा’ मध्यम, तर ‘फुले वसुधा’ भारी जमिनीसाठी आहे. भारी जमिनीचे वाण मुरमाड रानात पेरले, तर दाणे भरण्याआधीच ओल संपते आणि पिशवीवरचा आकडा पिशवीवरच राहतो.