गोदावरीत ट्राउट का जगत नाही?

हिमाचलच्या तीर्थन नदीवरचे ट्राउट पकडतानाचे रील्स पाहून जांब समर्थच्या तरुणाला वाटणारच: शनिवार-रविवारी हा खेळ आपल्या गोदावरीवर का नको?

कारण तापमान. पिसे-दोऱ्याच्या खोट्या माशीला फसणाऱ्या ट्राउटला साधारण १० ते १८ अंशांचे पाणी मानवते. १० अंशांवर लिटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर जेमतेम साडेसात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उथळ डोहात त्याचा दमच कोंडेल. तसा हा पाहुणाच. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास तो स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये आणला.

माशीला ट्राउटच लागतो असेही नाही. आपला महसीरही ती पकडतो. लोणावळ्यात टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पिल्ले वाढवतात. मात्र त्यालाही वाहते, स्वच्छ पाणी हवे.