भावाआधी चित्र

कळमेश्वरहून नागपूरच्या एका दैनिकाला तालुक्याचा मजकूर पाठविण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले असल्यामुळे बाजारभाव लिहिण्याची सवय माझ्या हातात मुरलेली आहे. तथापि आमच्याकडे आंबिया बहाराची संत्र्याची बाग उभी विकत घेणारा व्यापारीसुद्धा प्रथम झाडांमधून हिंडतो, फळाची साल नखाने खरवडून पाहतो, दोन-चार संत्री फोडून चाखतो, आणि मगच भावाची भाषा काढतो. ही वहिवाट डोळ्यांपुढे असल्यामुळेच, २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर भरलेल्या ‘आर्ट मुंबई’ या कलामेळ्यात आम्हा वार्ताहरांचे काम जवळून पाहताना मी अस्वस्थ झालो.

मेळा खुला होण्यापूर्वी मंडपातील पांढऱ्या भिंतींना अजून ताज्या रंगाचा वास येत होता. एका दालनात दोन कारागीर लाकडी पेटीतून मोठे तैलचित्र बाहेर काढीत होते. आधी पेटीचे स्क्रू, मग फोमचे तुकडे, मग चित्राला गुंडाळलेला पातळ कागद असे एकेक आवरण दूर झाल्यावर हातमोजे घातलेल्या एका तरुणीने विजेरीचा झोत पृष्ठभागावर तिरपा धरला, आणि तलाठ्याने बांधावर उभे राहून पंचनामा करावा तशा काटेकोरपणे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची प्रत्येक भेग व प्रत्येक ओरखडा सोबतच्या कागदावरील नोंदींशी ताडून पाहिला. तिची सही झाल्यावरच पाणसळ लावून चित्र भिंतीवर चढले. या कामाला पाऊण तास लागला. त्यानंतर दिवसभरात त्या चित्राकडे तितके निरखून पाहणारा दुसरा कोणी मला आढळला नाही.

दुपारी वार्ताहर आले. पन्नासाहून अधिक दालने आणि हाताशी चार तास, म्हणजे प्रत्येक दालनाच्या वाट्याला पाच मिनिटेही नाहीत. अशा स्थितीत प्रसिद्धिपत्रकातील वाक्ये उचलणे, सर्वांत आकर्षक दिसणाऱ्या मांडणीचे छायाचित्र घेणे आणि ‘सर्वांत महाग चित्र कोणते?’ असे विचारणे एवढेच हातून घडते. मीही प्रथम तेच विचारले. परंतु या प्रश्नाचे उत्तर कितपत भरवशाचे असते? लिलावात बोली सर्वांसमक्ष होते व अखेरचा आकडा प्रसिद्ध होतो. मेळ्यातील सौदा मात्र विकणारा आणि घेणारा या दोघांतच राहतो, त्यामुळे ‘इतक्या कोटींना विक्री’ अशी जी बातमी छापली जाते तिच्यामागे बहुधा विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज कोणताही दस्तऐवज नसतो. कळमेश्वरच्या बाजारात अशा आधारावर संत्र्याचा भाव मी कधीही छापू दिला नसता.

भावाखेरीज चित्राविषयी लिहिणे वृत्तपत्राला अशक्य नाही. १९४० च्या दशकात कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन ‘टाइम्स ऑफ इंडिया’तून तरुण चित्रकारांच्या कामाचे गुणदोष वाचकाला उलगडून सांगत असत. उलट १९२४ साली आमच्या नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे आमच्या भागातील पुष्कळ वाचकांना ठाऊक झाले ते २०१३ च्या डिसेंबरात, क्रिस्टीज या लिलावसंस्थेच्या मुंबईतील लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले तेव्हा. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रे पूर्ण करणारा हा माणूस रोलरने व पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवीत असे, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबून तो रंग पुन्हा उचलून घेत असे, आणि या चढविण्या-उतरविण्यातूनच त्याच्या चित्रांतील तो आतून झिरपणारा प्रकाश निर्माण होई. त्या आकड्याइतकेच हे सांगणेही बातमीचे काम होते. सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ या कलाविषयक नियतकालिकाने ते मराठीत मोठ्या निष्ठेने केले, दैनिकांनी फारसे केले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो आणि त्या सकाळच्या चित्रासमोर तासभर उभा राहिलो. आदल्या दिवशी एकसारखा वाटलेला करडा रंग मला हळूहळू निळ्या व गेरूच्या पट्ट्यांनी बनलेला दिसू लागला. त्यावर लिहिलेल्या माझ्या मजकुरातून छापून आला तो एक परिच्छेद, किमतीचा.

संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे की, मेळ्याला वार्ताहर धाडताना त्याला एक दिवस अधिक द्यावा, आणि परतल्यावर प्रथम एवढेच विचारावे की, त्याने कोणते एक चित्र नीट पाहिले, व ते कसे रंगविले आहे.