पैऱ्यावरच्या वाकळा

साखरेचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३० सप्टेंबरला संपतं. मौनीनगरच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्यामुळं ज्या बिद्रीचं नाव चार तालुक्यांना ठाऊक झालं, तिथं लग्नाच्या तिथीपासून दुकानाच्या उधारीपर्यंत पुष्कळ गोष्टी ह्याच वर्षावर चालतात. वाकळेचं वर्षही त्याच सुमाराला उलटतं. घट बसायच्या आधी घरातलं सगळं हातरूण-पांघरूण धुऊन निघालंच पाहिजे, आणि तिथून पुढचा हिशेब नवा. कारखान्यांचे वार्षिक अहवाल छापून सभासदांच्या घरी येतात. वाकळांचा अहवाल कुणी छापत नाही. आमच्या आळीतल्या बायकांनी एका घटस्थापनेपासून दुसऱ्या घटस्थापनेपर्यंत काय शिवून संपवलं आणि काय तसंच राहिलं, ते म्हणून इथं मांडतो. सभेत वाचायच्या आधीच ‘मंजूर, मंजूर’ म्हणणाऱ्यांनी हा अहवालही न वाचता मंजूर करायला हरकत नाही.

नदीवरचं ते धुणं म्हणजे वर्षाची तपासणीच. दांडीवर घडी घालून ठेवलेली वाकळ आपलं वय लपवते. भिजली की लपवता येत नाही. ओली वाकळ एकटीला उचलत नाही, पिळायला दोन टोकांना दोघी लागतात. त्यामुळं शेजारणीची वाकळ आपल्या हातातून जाते आणि कुठं टाका उसवलाय, कुठं आतलं धोतर विरून गोळा झालंय, हे सगळ्यांना कळतं. तिथल्या तिथं निकाल लागतात. हिच्यावर नवं लुगडं चढवायचं, ती आता दुसरीच्या पोटात घालायची, आणि ही गोठ्यात वासराखाली. म्हाताऱ्या बायकांना टाका बघून शिवणारी ओळखता येते. एका काळपट वाकळेवर हात फिरवून एक आजी म्हणाली, “ही माझ्या थोरल्या जावंची. तिचा टाका तांदळाएवढाच पडायचा.” जाऊबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. धुण्याच्या पावडरीचा फेस नदीत सोडण्याबद्दल अलीकडं ओरड होते आणि ती रास्त आहे. यंदा काही घरांनी मळ्यातल्या मोटारीच्या पाण्यावर धुणं उरकलं, ते बरंच झालं.

दसऱ्यापासून माघापर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही. सोयाबीन, भात, मग ऊस. बीडकडची ऊसतोड मंडळी येतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ता भरतो, आणि सुईला कुणी हात लावत नाही.

खरं काम शिमग्यानंतरचं. ऊस गेलेला असतो, दुपारी उन्हात बाहेर पडवत नाही, आणि सोप्यात जमीन मोकळी असते. ह्या खेपेला होळीलाच ठरलं होतं की आधी अर्ध्या राहिलेल्या संपवायच्या, नवं कापड कुणी पसरायचं नाही. दर वर्षी हौसेनं नवी वाकळ घातली जाते, मृग आला की ती गुंडाळून माळ्यावर जाते आणि पुढच्या वर्षी तिची आठवण फक्त उंदरांना असते. यंदा माळे उतरवले. आळीत अशा अर्धवट वाकळा किती निघाल्या हे मुद्दाम सांगत नाही. ज्यांच्या निघाल्या त्यांनी नको म्हटलंय.

संपवायचं ते पैऱ्यानं. भांगलण, रोपलावण, मळणी ह्यांना आमच्याकडं पैरा असतो. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. पैसे नाहीत, कागद नाही, पण कुणाची किती दुपार फिटायची आहे हे प्रत्येकीला पाठ. वाकळेलाही तोच नियम. चौघी चार बाजूंना बसतात, कडेपासून सुरुवात करून चौकटीत चौकट घेत मध्याकडं सरकतात. दोन ओळींत बोटाचं अंतर. डावा हात खालून कापड सारखं करत राहतो, कारण एखादीनं दोरा ओढून धरला तर सगळ्या चुण्या मध्यावर येऊन साठतात.

“आक्का, तुझा हात लई वडतोय. मधी झोळ राहणार बघ.”

“राहू दे की. झोपणाऱ्याला अंधारात दिसतोय व्हय?”

दिसत नाही, पण पाठीला लागतो. आक्कानं ती ओळ उसवली.

सात फूट लांब, चार फूट रुंद वाकळ आणि ओळींत बोटभर अंतर धरलं, तर एका वाकळेत सव्वाशे मीटरच्या पुढं शिवण जाते. तीही पाच-सहा पदरांतून, हातानं. चौघी बसल्या तर ती आठवड्याच्या दुपारींत हातावेगळी होते. एकटीनं घेतली की माळ्यावर जाते.

संपलेल्यांपैकी दोन लक्षात राहिल्या. एक होती म्हाताऱ्याच्या पटक्यांची. गुलाबी आणि केशरी पटके सुनेनं ट्रंकेत जपले होते, पण सासूचे डोळे मोतीबिंदूनं गेल्यापासून काम थांबलं होतं. सासू यंदाही टाका घालू शकली नाही. ती कडेला बसून कुठली पट्टी कुठं हे बोटांनी चाचपून सांगत होती, आणि शाळेला जाण्याआधी नातवंडं डझनभर सुयांत दोरे ओवून ठेवत होती. दुसरी बाळंतपणाला आलेल्या लेकीची दुपटी. ती पावसाळ्यात झाली. लहान काम असल्यानं ओलीत, अंधाऱ्या सोप्यातही चालतं. रोपलावण संपल्यावर, श्रावणात, तिघींनी मिळून चार दुपटी दिली. तीन आजीच्या मऊ लुगड्याची आणि एक नव्या छापील कापडाची. बाळ कुठल्यावर शांत झोपतं ते विचारू नका, नवं कापड आणणारी आत्या अजून नाराज आहे.

शिवणाऱ्या आहेत, दुपारी आहेत, पण जुनेर मिळत नाही. नऊवारी लुगडं सत्तावीस फुटांचं. चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांचे चार पदर आपोआप मिळतात, म्हणजे वाकळेचं माप लुगड्यातच होतं. पाच-साडेपाच मीटरच्या गोल साडीच्या त्या मापाच्या तीन घड्याही पुऱ्या होत नाहीत, आणि ती सुती असेल तर नशीब. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून आमचा जिल्हा कापडाचा म्हणून ओळखला जातो, आणि त्याच जिल्ह्यात आज वाकळेला सुती जुनेर शोधावं लागतं. सिंथेटिक साडी सुईखालून सरकते, घाम टिपत नाही, अंगावरून घसरते. वाळते मात्र पटकन, हे मान्य केलं पाहिजे. ह्या साड्या आता राधानगरी-भुदरगडच्या अंगाला शेताच्या कडेनं बांधलेल्या दिसतात, डुकरं आणि गवे बुजावेत म्हणून. मुलांची जीन्स पोटात घालायचा प्रयत्न एकीनं केला, सुई मोडली. टी-शर्टचं कापड ताणतं. मशीनवर शिवून घेतलेली वाकळ दिवसात मिळते, पण ताठ असते. तिला वाकळ म्हणायला माझी जीभ तयार होत नाही.

वाकळा विकायच्या का, हा वाद गणपतीपर्यंत चालला. बचतगटातल्या बायकांनी मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात हाताच्या गोधड्यांची किंमत ऐकली होती, आणि गावात येणारं गिऱ्हाईक पाचशेच्या वर जायला तयार नसतं. हिशेब सोपा आहे. सव्वाशे मीटर शिवणीला चाळीस तास धरा, म्हणजे पाच दिवसांची मजुरी. रोजगार हमीचा २०२५-२६ चा ३१२ रुपयांचा दर लावला तरी नुसत्या हाताचे दीड हजारावर होतात. कापड, दोरा वेगळा. पाचशेत वाकळ मागणारा माणूस बाईला खड्डे खणण्यापेक्षा कमी दर देतो, एवढं त्याला तोंडावर सांगायला हवं.

हा प्रश्न आमचा एकट्याचा नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड परिसरातल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायका फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. १९६६ साली त्यांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली, आणि २००२ मध्ये गीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या. जवळचं उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातलं. हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंडी शिवतात. कडेपासून मध्याकडं, आमच्यासारखंच, फक्त चारी कोपऱ्यांना त्रिकोणी ‘फुलं’ जोडतात. त्यांच्याही कामाला गावाबाहेरचं गिऱ्हाईक मिळालं.

आमच्या भागात ऊस सहकारात आहे, दूध सहकारात आहे, पतसंस्था तर पावलोपावली. वाकळ तेवढी राहिली, कारण तिची शेतकऱ्याच्या नावावर नोंद कधी झालीच नाही. बायकांनी शेवटी ठरवलं ते मला पटलं. पैऱ्याच्या वाकळा विकायच्या नाहीत, त्या घरच्या. विकायची असेल ती वेगळी घालायची, मजुरी तासावर लावायची आणि चौघींत सारखी वाटायची. पहिली अशी वाकळ भाद्रपदात पुरी झाली आणि लगेच गेली. दोन हजार सांगितले होते, अठराशेला तुटली. घासाघीस करणारी बाई आळीतल्याच एकीची नणंद निघाली, त्यामुळं दोनशे रुपये नात्यात गेले.

अर्ध्यापैकी काही अजून अर्ध्याच आहेत, आणि अडलंय ते फक्त कापडावर. म्हणून वाचणाऱ्यांना एक सांगणं आहे. घरात सुती लुगडं, धोतर किंवा पटका पडून असेल तर बोहारणीला देऊन डबा घेऊ नका, शेताच्या कडेलाही बांधू नका. धुऊन आमच्या आळीत आणून द्या. तुमची वाकळ घालायची असेल तर मजुरी आधी ठरवा, कापड होळीच्या आत पोचवा, आणि मृगाच्या आत न्यायला या.